प्रश्न कुणाचा?

(दृश्य : कॉलेजसमोरचं झेरॉक्सचं दुकान. स्पायरल बायंडिंगच्या चळती.)

सबमिशनचा आठवडा. ‘हुंडा : एक सामाजिक समस्या’. ‘बेरोजगारी : कारणे व उपाय’. पानं मागच्या बॅचचीच, रोल नंबर तेवढा नवा. पोरं आळशी आहेत म्हणून असं होत नाही. त्या विषयात त्यांना स्वतःला विचारावंसं वाटेल असं काही उरलेलंच नसतं.

(लोकलच्या दारात उभी मुलं.)

मुंबईतल्या ‘पुकार’ या संस्थेनं २००५ साली युवा फेलोशिप सुरू केली. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई हे संस्थेचे संस्थापक. संशोधन ही पीएचडीवाल्यांची राखीव जागा नाही, तो प्रत्येकाचा हक्क आहे, ही त्यांची मांडणी. कॉलेजातली आणि कॉलेज सुटलेलीही मुलं गट करून वर्षभर काम करतात. विषय गटानंच ठरवायचा, बहुतेकदा स्वतःच्या जगण्यातला.

(पहाट. नळावर हंड्यांची रांग.)

समजा, टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, समाजशास्त्र घेतलेली एक मुलगी आपल्याच वस्तीतल्या पाण्याचा विषय घेते.

“काकू, पाणी पुरतं का हो?”

“पुरतं की.”

दहा घरं, दहा वेळा तेच. फॉर्म भरतो, हाती काही लागत नाही. मग ती प्रश्न बदलते. काल पाणी कुणी भरलं? किती वाजता? तेवढ्या वेळात काय राहून गेलं? आता काकू बोलू लागतात. कुणाचा डबा राहिला, कुणाची शाळेची पहिली घंटा चुकली. मुलीचं स्वतःचं पहिलं लेक्चरही याच नळावर जातं. पण हा अभ्यासाचा विषय आहे, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वस्तीतलीच असण्याची अडचणही आहे. “तुला ठाऊक नाही का गं?” म्हणत काकू अर्धंच सांगतात. तरी विचारायचं. आणि तुमचं नाव लिहिणार नाही, हे आधी सांगायचं, शेजारच्या असल्या तरी.

नव्या चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी १२ श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) संशोधन आहे. चांगलंच आहे. पण युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्यात त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. पहाटे पाणी भरून कॉलेज गाठणारीला तेवढे पडतील? ही अट मला मनापासून खटकते.

(तीच गल्ली. संध्याकाळ.)

ती लिहिलेलं काकूंना वाचून दाखवते. काकू हातातलं काम ठेवून ऐकतात.

“आणि वरच्या गल्लीतले मोटर लावतात, ते लिहिलंस?”

ते राहिलेलं असतं. ती वही पुन्हा उघडते.