हळदीच्या पाण्यातली साथ

श्रोतेहो, नमस्कार. पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली आणि त्या डागाला साबण लावला की काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पिवळा डाग लालभडक होतो, आणि घरात बोलणी बसतात ती वेगळीच. आज त्याच लाल रंगाबद्दल बोलायचंय.

साथ कशी पसरते, हे वर्गात खेळून बघायचं. प्रत्येक मुलाला कागदी कपात अर्धा कप पाणी द्यायचं. दिसायला सगळं सारखं, पण एका कपात धुण्याचा सोडा विरघळवलेला. तो कुणाच्या वाट्याला आला, कुणालाच ठाऊक नाही. मग जोडीदार गाठायचा, एकाचं पाणी दुसऱ्याच्या कपात ओतायचं आणि परत निम्मं निम्मं करून घ्यायचं. ही झाली एक फेरी. अशा तीन फेऱ्या, दर वेळी नवा जोडीदार. शेवटी प्रत्येक कपात हळदीच्या पाण्याचे चार थेंब. पिवळं राहिलं तो वाचला, लाल झालं त्याला लागण. आणि हे पाणी प्यायचं नाही. पुन्हा सांगतो, प्यायचं नाही.

हिशेब सोपा आहे. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तीन फेऱ्यांत फार तर आठ. लागण झालेले दोघे एकमेकांनाच भेटले तर ती भेट फुकट जाते, म्हणून आठाहून कमी होतील. जास्त मात्र नाही. आठ हा आकडा लक्षात ठेवा.

तर गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका पेठेतल्या शाळेत, नववीच्या वर्गावर मी हा खेळ घेऊन गेलो. ४४ मुलं, बाहेर धो धो पाऊस, आत निम्म्यांचे रेनकोट बाकांवर ठिबकतायत. तीन फेऱ्या झाल्या. मी ऐटीत फळ्यावर ‘जास्तीत जास्त ८’ असं लिहून ठेवलं आणि हळदीचा ड्रॉपर फिरवायला लागलो. पाच लाल. आठ लाल. अकरा लाल. माझा हात तिथेच थबकला. शेवटी मोजले तर अठरा!

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, तुमचं गणित चुकलं.” सगळा वर्ग हसला. दोन वेण्या घातलेली एक मुलगी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, “गणित नाही चुकलं सर. सोडा एकाच कपात नव्हता.” कशावरून? तर म्हणे, “एका कपातून आठ, दोन कपांतून सोळा. अठरा व्हायला निदान तीन कप लागतात.”

मी गप्प. माझ्या हिशेबी सोड्याचा कप एकच होता.

नशिबानं कोण कुणाला कुठल्या फेरीत भेटलं, हे प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. मुलांनी बाकं सरकवली, चिठ्ठ्या फरशीवर मांडल्या. मुलं आधी लाल कपांमागे धावली आणि गुंता वाढला. पुन्हा तीच मुलगी म्हणाली, पिवळे बघा. ज्याचं पाणी शेवटी पिवळं राहिलं, तो ज्याला ज्याला भेटला ते सगळे भेटीच्या वेळेपर्यंत स्वच्छच होते, नाहीतर हाही लाल झाला असता. म्हणजे ते सुरुवातीचे रोगी नव्हेत. खोडा त्यांची नावं! श्रोतेहो, मी तीस वर्षं शिकवतोय, पण ही युक्ती मला सुचली नव्हती. पिवळे बघा. अर्ध्या तासात सहा नावं उरली.

त्या सहांतला एक मुलगा दबकत म्हणाला, “सर, माझ्या कपाच्या तळाशी आधीच पांढरं पांढरं होतं.” आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आदल्या रात्री सोडा लाल रंग देतो की नाही, ते मी घरी ओट्यावर दोन कपांत करून बघितलं होतं. पाणी ओतून दिलं, कप तसेच वाळले, आणि सकाळी मीच ते चळतीत खोचले. साथ माझ्याच घरातून आली होती! फळ्यावर मी ८ च्या जागी २४ लिहिले, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

जाता जाता एक. हे निम्मं निम्मं करताना सोडा तिसऱ्या फेरीला एक अष्टमांश उरतो, हे मुलांना कॅल्क्युलेटरवर काढावं लागलं. आमच्या वेळी पावकी, निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, तोंडपाठ असायची. ती शाळेतून घालवली हे मला अजून पटलेलं नाही. असो.

साथीचं गणित मुळात आपल्या मातीशीही जोडलेलं आहे. १८९७ चा प्लेग पुणेकरांना वेगळा सांगायला नको. सावित्रीबाई त्याच साथीत, रुग्णांची सेवा करताना गेल्या. पुढं १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघा शास्त्रज्ञांनी साथीचं गणित मांडलं. लोकांचे तीन गट पाडायचे: लागण होऊ शकणारे, झालेले, आणि त्यातून सुटलेले. ते गणित ताडून बघायला त्यांनी आकडे घेतले मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगचे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून येतो, माणसांच्या भेटीगाठींतून सहसा नाही, तरी साथीचा चढ आणि उतार त्यांच्या गणितातून निघालेल्या वक्राशी बराच जुळला. आपल्या कपांचंही तेच. फेऱ्या वाढवल्या की आलेख आधी झपाट्यानं चढतो, मग मंदावतो, कारण नवा, स्वच्छ जोडीदार मिळणंच अवघड होतं.

दुसरा डाव लिंबाचा. काही कपांत आधीच लिंबू पिळायचं. आंबट पाण्यात सोड्याचा जोर मरतो, ही झाली लस. किती कपांत पिळलं की साथ अडते, ते मुलांनीच शोधायचं. गोवरासारखा रोग, जिथं कुणालाच लस नसेल तिथं एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना होतो, म्हणून शंभरातल्या पंचाण्णवांना तरी लस हवी असं म्हणतात. वर्गात अर्ध्या डझन लिंबांत भागतं.

त्या वर्गानं मला पुन्हा बोलावलंय. लिंबं मी नेणार आहे. कप मात्र आम्हीच आणू, असं दोन वेण्यांच्या मुलीनं बजावून सांगितलंय.

नमस्कार.