विद्यमान नगराध्यक्षांविरुद्ध उभं राहताना

(दादरमधल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी चाकरमानी असणार. राहायला परळ-लालबाग, नाहीतर पार विरार-डोंबिवली, आणि लक्ष मात्र चिपळूण, मालवण, सावंतवाडीकडे. डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचं मतदान झालं तेव्हा गावाकडच्या भावाला फोन करून "कोण येतोय रे?" असं विचारलं नाही, असा माणूस या हॉलमध्ये सापडायचा नाही. मला त्याच भावाबद्दल बोलायचंय. कारण बऱ्याचदा तो पुढे म्हणतो, "कोण येणार? तेच. त्यांच्यासमोर उभं कोण राहणार?"

उभं राहता येतं. पण प्रचाराच्या पंधरवड्यात गावच्या नगराध्यक्षाला विरोध सुरू करता येत नाही. तो विरोध आधीची तीन-चार वर्षं सभागृहात, कागदावर झालेला असावा लागतो. आज एवढंच सांगायला मी आले आहे, आणि ते मी नगरसेविका म्हणून विरोधी बाकावर बसून शिकले आहे.

मुंबईकरांना हे थोडं परकं वाटेल. इथे महापौर आपण निवडत नाही. २२७ नगरसेवक निवडून जातात, ते महापौर निवडतात, आणि खरा कारभार आयुक्तांच्या हाती. त्यातही मार्च २०२२ पासून थेट जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत आपल्याला नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. इतक्या वर्षांत वॉर्डातलं गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं, हेच आपण विसरलो. गावात तसं होत नाही. तिथे नगराध्यक्ष सकाळी चहाच्या टपरीवर भेटतो, तुमच्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला असतो, तुमच्या वडिलांच्या मयताला खांदा देतो. त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे नात्यातल्या माणसाविरुद्ध बोलणं. लोक घाबरतात असं मी म्हणणार नाही. लोकांना संकोच वाटतो. आणि हा संकोच मोडायला भाषण उपयोगी पडत नाही, कागद पडतो.

इथे मला जोतीराव फुले आठवतात. ते १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे आपण शाळेत एका ओळीत वाचतो आणि पुढे जातो. तिथे थांबायला हवं. लोकांनी निवडून दिलेले नव्हते ते, सरकारने नेमलेले होते. म्हणजे ज्यांनी खुर्ची दिली त्यांच्याच समोर बसायचं. आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला, प्लंकेट नावाच्या अध्यक्षांकडून. बाकीचे सगळे बाजूने. विरोधात मत एकट्या जोतीरावांचं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं. याच प्लंकेट साहेबांना त्यांनी १८८० साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांबद्दल पत्रही लिहिलं. मला या गोष्टीत काय आवडतं सांगू? जोतीराव हरले. ठराव मंजूर झाला. पण ते एक मत नोंदलं गेलं, म्हणून आज दीडशे वर्षांनी आपल्याला त्या हजार रुपयांचा हिशोब मांडता येतो. ते नुसते मान हलवत घरी गेले असते, तर त्या सभेत विरोध झाला होता हे कुणाला कळलं असतं?

आता माझी गोष्ट. गावाचं नाव घेत नाही. आमच्या सभेत एक विषय आला, बाजारपेठेतल्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसवण्याचा. विषयपत्रिकेवर नव्हता. शेवटी, सगळे चहाकडे बघायला लागले की जे येतात, ते ऐनवेळचे विषय, त्यात होता. ज्यांनी नगरपरिषद जवळून पाहिलीय ते आत्ता हसले. ऐनवेळच्या विषयांत काय काय मंजूर होतं, त्यावर वेगळी व्याख्यानमाला ठेवावी लागेल! रस्ता डांबरी होता, धड होता. मी उभी राहिले, विरोध केला, कारणं सांगितली. पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, म्हणजे त्या सभेच्या कामकाजाची लेखी नोंद मान्य करणे. मी ते वाचलं. लिहिलं होतं, "सदर विषय सर्वानुमते मंजूर."

मी लेखनिकाला विचारलं, माझा विरोध कुठेय? तो बिचारा नवीन होता. म्हणाला, "वहिनी, सगळे हो म्हणाले की." मी म्हटलं, मी नाही म्हणाले. नगराध्यक्ष हसून म्हणाले, "वहिनींचं आम्ही मनावर घेत नाही." सभागृह हसलं. माझ्याच पक्षाचे दोघेही हसले. मला राग त्या हसण्याचा नव्हता. चार हजार माणसांच्या प्रभागाने जो आवाज देऊन मला तिथे पाठवलं, तो कागदावरून पुसला गेला, याचा होता. आजही आहे. ज्यांनी मला मत दिलं त्यांच्यापैकी कुणी उद्या माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकला असता, तर त्याला काय दिसलं असतं? की आपली बाई पण यांच्यातलीच.

त्या दिवसापासून मी विरोध तोंडी करणं सोडलं. लेखी द्यायचा, आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या वहीत, नोंद करायला लावायची, पोच घ्यायची, आणि इतिवृत्तात मजकूर जसाच्या तसा येईपर्यंत ते कायम होऊ द्यायचं नाही. याला भांडकुदळपणा म्हणतात. म्हणू द्या. दुसऱ्या वर्षी लोक माझ्याकडे त्या पोचपावत्यांची झेरॉक्स मागायला येऊ लागले.

आणि एक कलम पाठ करा, १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातलं ५८, पोटकलम दोन. आणीबाणीच्या प्रसंगी नगराध्यक्षाला थेट कामाचा आदेश देता येतो. पूर आला, जलवाहिनी फुटली, तर हा अधिकार हवाच, नसेल तर गाव तहानेने मरेल. पण कोणत्या वर्षी किती कामं 'अठ्ठावन्न दोन'खाली निघाली, ती कुणाला मिळाली आणि नंतर सभेपुढे आली का, ही यादी मागवा. उन्हाळ्यात रंगवलेली संरक्षक भिंत ही आणीबाणी असते का, हे मतदाराला समजावून सांगावं लागत नाही. आणि ठराव बेकायदा वाटला तर कलम ३०८ आहे, जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. वर्षाचा अर्थसंकल्प तर आधी वाचायलाच हवा...

अध्यक्षांनी घंटी वाजवली. दहा मिनिटं राहिलीत म्हणतात. आणि निवडणूक कशी लढवायची हे अजून सांगायचंच आहे. भराभर सांगते.

पहिलं म्हणजे, समोर कोण असेल हे गृहीत धरू नका. थेट निवडणुकीचा नियमच किती वेळा फिरला बघा. २००१ ला थेट, २००६ ला बंद, २०१६ ला परत थेट, २०२० ला बंद, २०२२ ला पुन्हा थेट. शिवाय पदाचं आरक्षण सोडतीने ठरतं. पाच वर्षं ज्याच्याविरुद्ध तुम्ही तयारी केली तो उभाच राहू शकत नाही, आणि अर्ज येतो त्याच्या पत्नीचा, नाहीतर भावजयीचा. म्हणून माणसाविरुद्ध बोलू नका, कारभाराविरुद्ध बोला. कारभाराचे कागद असतील तर उमेदवार बदलला तरी तुमची तयारी वाया जात नाही.

दुसरं, वेळ. गेल्या वेळी चिन्हवाटप २६ नोव्हेंबरला झालं आणि बहुतेक ठिकाणी मतदान २ डिसेंबरला. अपक्षाला आपलं चिन्ह लोकांपर्यंत पोचवायला आठवडासुद्धा नाही. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह वर्षानुवर्षं भिंतीवर असतं. तेव्हा अपक्ष लढायचं असेल तर माणसाची ओळखच इतकी पक्की हवी, की चिन्ह शेवटच्या आठवड्यात कळलं तरी चालेल.

तिसरं, मतदार तिथे एकाहून जास्त बटणं दाबतो. एक नगराध्यक्षाचं, बाकीची प्रभागातल्या नगरसेवकांची. प्रभागात तो नात्याला मत देईल, त्यावर रागावू नका. त्याच्याकडे नगराध्यक्षपदाचं मत मोकळं असतं, ते मागा. पण एकट्याने निवडून आलात आणि सभागृहात बहुमत पलीकडचं असलं, तर तुमचा प्रत्येक विषय अडेल. म्हणून प्रत्येक प्रभागात निदान एक खमका माणूस सोबत हवाच, पॅनेल पूर्ण झालं नाही तरी.

चौथं, अर्ज. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी, दाखले, तिसऱ्या अपत्याची अट, शपथपत्रातला प्रत्येक रकाना. तुमच्या अर्जाची छाननी होईल तेव्हा समोरचे वकील घेऊन बसलेले असतील. थकबाकी नसल्याचा दाखला ज्या कार्यालयातून आणायचा, तिथे वर्षानुवर्षं त्यांचाच शब्द चालत आलाय. शेवटच्या दिवशी जाऊ नका.

प्रचाराबद्दल सांगायचं राहून जातंय. एवढंच, की घरोघर जाताना पत्रक कमी आणि त्या प्रभागात झालेल्या कामांची यादी जास्त न्या. तुमच्या दारासमोरच्या गटारावर इतका खर्च दाखवलाय, हे दारात उभं राहून सांगितलं की गृहिणी स्वतः बाहेर येऊन गटार बघते.

आणि शेवटचं, हे कुणी सांगत नाही. निकालानंतर तीस दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, हरलेल्यानेही. जिंकणाऱ्याचा माणूस ते करतो. हरलेला वैतागून घरी बसतो, हिशोब देत नाही, मग तो अपात्र ठरवला जाऊ शकतो आणि त्या मुदतीत निवडणूक आली तर त्याचा अर्जच बाद होतो. विद्यमान नगराध्यक्षांना असे विरोधक फार आवडतात. तेव्हा गावाकडच्या भावाला आज रात्री फोन कराल तर आधी हे विचारा, "डिसेंबरात पडलास, तेव्हा हिशोब दिला होतास का?"