फोर्ट स्टिकीन: दोन नंबरच्या हॅचमधला कापूस

(पडद्यावर: बांधणीतल्या मालवाहू जहाजाचं कृष्णधवल छायाचित्र)

१४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट आपण घराघरांत ऐकलेला आहे. ज्या जहाजात तो झाला, त्याच्याविषयी मात्र फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज जहाजापासूनच सुरुवात करू या.

फोर्ट स्टिकीन १९४२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रिन्स रूपर्टच्या गोदीत बांधलं गेलं. जर्मन पाणबुड्या तेव्हा मालवाहू जहाजं भराभर बुडवत होत्या आणि ती तूट भरायला एकाच नमुन्याची जहाजं घाईनं पाण्यात उतरवली जात होती. ‘फोर्ट’ नावाची अशी दीडशेहून जास्त जहाजं बांधली गेली. त्यांतलंच हे एक, कोळशावर चालणारं, ७,१४२ टनी. लढण्यासाठी ते नव्हतंच. लढणाऱ्यांचा माल वाहणं एवढंच त्याचं काम.

२४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता: टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. त्यातला २३८ टन माल तर अत्यंत संवेदनशील. शिवाय ३१ पेट्यांमध्ये सोन्याच्या विटा.

वाटेत कराचीला काही माल उतरला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी आणि वंगणतेलाची पिंपं चढली. माझ्या मते या जहाजाचं नशीब तिथंच फिरलं. दारूगोळ्याशेजारी कापूस ठेवू नये, हे गोदीतल्या साध्या हमालालाही कळत होतं. कप्तान नायस्मिथ यांनाही ते पटलेलं नव्हतं. पण युद्धाच्या धामधुमीत एकाही जहाजाची जागा वाया घालवायची नाही, असा खाक्या होता. दोन नंबरच्या हॅचमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या कप्प्यात, तळाशी कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं, अशी ती मांडणी झाली.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. स्फोटकं असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा असतो. तो लावलेला नव्हता.

(पडद्यावर: व्हिक्टोरिया डॉकचा नकाशा, जहाजाची जागा खुणेनं दाखवावी)

१४ तारीख, शुक्रवार. दुपारी दोनच्या सुमारास त्या हॅचमधून धूर येताना दिसला. बंब आले. आग नेमकी कुठं आहे, तेच सापडेना. जवानांनी वरून ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं. पण कापूस पाण्यावर तरंगतो. पाण्याची पातळी चढत गेली तशा धुमसणाऱ्या गाठी वर सरकत गेल्या, वरच्या स्फोटकांकडे. उष्णता इतकी की आत पडलेलं पाणी उकळू लागलं. जहाजाच्या कुशीला भोक पाडायला गॅस कटर आणला, तोही चालेना. जहाज समुद्रात ओढून न्यावं की जागीच बुडवावं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना. हे सगळं सुमारे दोन तास चाललं होतं, आणि त्या दोन तासांत बंबवाले पाणी मारतच होते.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला.

(चार सेकंद शांतता)

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. शेजारच्या ‘जलपद्म’ जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन गोदीतल्या शेडवर पडला. पेटता कापूस आभाळातून मांडवीच्या वखारींवर, चाळींवर बरसला. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० च्या दरम्यान सांगितला जातो. ८०,००० माणसं बेघर झाली. कप्तान नायस्मिथ गेले, आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे. देशभर अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो, तो त्यांच्यासाठी.

शहर जळत होतं आणि सरकारी सेन्सॉर गप्प होता. बातमी जगाला पहिल्यांदा ऐकवली जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं. इथल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायची मुभा मे महिन्यात मिळाली.

गोदी साफ करायला ८,००० माणसं सात महिने राबली. पाच लाख टनांच्या आसपास राडारोडा निघाला.

(पडद्यावर: गाळ उपसणारं यंत्र)

सोन्याच्या विटा त्यानंतरही वर्षानुवर्षं गाळातून निघत राहिल्या. २०११ साली तर गोदीत एक तोफगोळाही सापडला, ४५ किलोचा. ६७ वर्षं गाळात पडून होता आणि अजून जिवंत होता. नौदलाच्या जवानांनी तो निकामी केला.