औषध मोफत, भाडे पदरचे

सकाळच्या एसटीत खिडकीशी बसलेल्या या बाईंचा चेहरा आपल्याला दिसणार नाही, कारण संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्ही स्थिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या गावातून त्या एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधे देणाऱ्या केंद्रावर, गोळ्या आणायला निघाल्या आहेत. केंद्र सरकारने १ एप्रिल २००४ रोजी सुरू केलेल्या योजनेतून हे उपचार मोफत मिळतात.

एआरटी केंद्राच्या नोंदींत त्यांचा खर्च म्हणजे औषधे, व्हायरल लोडसारख्या (रक्तातले विषाणूचे प्रमाण मोजणाऱ्या) चाचण्या आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा वाटा. आरोग्य अर्थशास्त्राच्या संशोधक मात्र बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसून वेगळेच विचारतात: तिकीट किती लागले, सोबत कोण आले, आज कोणते काम बुडाले? मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाल्याने प्रश्नावलीतला एक आकडा घटला. रोजीचा आकडा मात्र हंगामाप्रमाणे बदलतो. कापसाची वेचणी किलोवर चालते. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटलेली असताना पडलेला खाडा आणि मे महिन्यात, हाताला काम नसताना पडलेला खाडा, या दोन्हींना एकच सरासरी मजुरी लावली तर हिशेब कागदावर नीटनेटका दिसतो, पण चुकतो. त्यात काही जण ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने जवळचे केंद्र सोडून लांबच्या केंद्रावर जातात, आणि ते जादा भाडे कोणत्या रकान्यात बसवायचे, हा प्रश्न सोपा नाही.

प्रतिबंधाचा हिशेब याहून अवघड आहे. उपचार न मिळाल्यास बाधित मातेकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. परिणामकारक उपचारांनी ते ५ टक्क्यांखाली येते. पण बाधित माता सापडण्यासाठी प्रत्येक गरोदर बाईची चाचणी करावी लागते, आणि त्यांतल्या बहुसंख्य निगेटिव्ह चाचण्यांचा खर्चही वाचलेल्या बाळाच्याच नावावर मांडावा लागतो. शिवाय त्या बाळाला जन्मभर लागला असता तो उपचाराचा पैसा वाचतो, तोही एकदम नव्हे, पुढच्या कित्येक वर्षांत थोडाथोडा. सावकाराचे व्याज पुढे चढत जाते, इथे ते उलटे मोजत यावे लागते: प्रचलित ३ टक्के दर धरला, तर २५ वर्षांनी वाचणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत सुमारे ४८ रुपये भरते. प्रतिबंध महाग वाटतो तो पुष्कळदा या दरामुळे.

२०२० च्या टाळेबंदीत अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत वाढली. गोळ्या तेवढ्याच लागतात, म्हणून सरकारी खर्चाच्या तक्त्यात या बदलाचा फायदा किरकोळ दिसतो. या बाईंची फेरी आणि वेचणीचा दिवस वाचतो, तो फक्त रुग्णाच्या तक्त्यात. अहवालात संशोधक दोन्ही तक्ते देतात, आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने सरकारी आकडे पाहूनच पान उलटू नये, म्हणून रुग्णाचा तक्ता आधी ठेवतात.