फक्कीची दुसरी रेघ

नमस्कार मंडळी. समोर मिस्त्री आणि मुकादम बसलेत, मागे डिप्लोमाची मुलं वही उघडून तयार आहेत. फुटिंगवर, म्हणजे कॉलमखालच्या पायावर बोलायचं म्हटल्यावर मुलं काँक्रीटची ग्रेड लिहून घ्यायला बसली असतील. ती ड्रॉइंगवर लिहिलेली असते, तिथे बघा. मी आज खड्ड्याबद्दल बोलणार आहे. फुटिंगच्या कामात मी माणसं सापडलेली पाहिली ती बहुतेक मातीखाली, आणि तेही काँक्रीटची गाडी यायच्या आधी.

एक माझीच गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकातली. एका शाळेच्या इमारतीचं काम माझ्याकडे होतं. वर काळी माती, साडेपाच फुटांवर मुरूम लागला. जून लागलेला, आदल्या रात्री एक सर पडून गेली होती आणि सकाळी लख्ख ऊन. खड्ड्याच्या बाजू सुरीने वडी कापावी तशा उभ्या. फिटर, म्हणजे सळया बांधणारा, सळयांची जाळी बांधायला आत उतरला. काठापासून हातभर मागे एक बारीक भेग काठाला धरून गेली होती. मला ती दिसली होती. काळ्या मातीला भेगा असायच्याच, असं म्हणून मी पुढच्या कॉलमकडे गेलो.

मागून आवाज आला, सिमेंटची गोणी टाकावी तसा. धावाधाव झाली. फिटर कमरेपर्यंत मातीत. तो नेमका तारेचं बंडल मागायला उभा राहिला होता. मिनिटभर आधी उकिडवा बसून गाठी मारत होता. तसाच बसलेला असता तर फक्त डोकं राहिलं असतं, किंवा तेही नाही. आम्ही दोघांनी त्याच्या काखेत हात घालून ओढलं. हा माझा दुसरा गाढवपणा. कमरेएवढ्या मातीत रुतलेला माणूस ओढून निघत नाही, उलट त्याचे सांधे निखळतात. शिवाय आम्ही दोघंही त्याच काठाखाली उभे! शेवटी वरचा ढीग मागे सारला, फळ्या लावून बाजू धरली आणि हाताने, घमेल्याने माती उपसली. मांडीचं हाड मोडलं होतं. वाचला.

तेव्हापासून मी खड्ड्याची खोली उभ्या माणसाने मोजत नाही. खोदकामाच्या सुरक्षेचं आपलं भारतीय मानक आहे, ३७६४ नंबरचं. दीड मीटरच्या पुढे गेलात की बाजूंना आधार द्या किंवा उतार काढा, हा हिशेब तुम्ही ऐकलेला आहे. पण फिटर काम करतो बसून. चार फुटांच्या खड्ड्यात उकिडवा बसलेल्या माणसाचं डोकं काठाच्या खाली असतं. आणि मातीचं वजन? ब्रासभर, म्हणजे शंभर घनफूट माती पाच टनांच्या आसपास भरते. तीन फूट लांब, तीन फूट उंच, फूटभर जाडीचं ढेकूळ सुटलं तरी साडेचारशे किलो अंगावर येतात.

काळी माती फसवते ती इथेच. सुकलेली असते तेव्हा दगडासारखी उभी राहते, आठवडाभर हलत नाही. पाणी भेगेतून आत गेलं की फुगते, जड होते आणि त्याच भेगेपाशी सुटते. मुरमाला निदान खडे गळायला लागतात. काठावरून बारीक माती गळताना दिसली की आतल्या माणसाला आधी वर घ्या, चर्चा नंतर करा.

आता ढिगाकडे येऊ. खोदलेली माती काठावर का पडते? जेसीबी तासावर असतो म्हणून. ऑपरेटरला बकेट फिरवून जवळच रिकामं करणं सोपं, मालकाला तास वाचलेला हवा, आणि पुढे तीच माती भरावाला लागणार, म्हणून सगळेच खूश. त्या ढिगाचा भार मात्र नेमका त्या भेगेच्या डोक्यावर बसतो. यावर माझा उपाय अगदी साधा आहे. लेआउट टाकताना तुम्ही खड्ड्याची रेघ फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने मारता ना? तिच्या बाहेर दुसरी रेघ मारा. खड्डा जेवढा खोल, तेवढ्या अंतरावर. माती त्या रेघेच्या पलीकडे. ऑपरेटरला तोंडी सांगून उपयोग नाही. तो इंजिनाच्या आवाजात मान हलवतो आणि त्याला हवं तेच करतो. रेघ दिसते, ओलांडली की तीही दिसते.

काँक्रीटच्या गाडीलाही तीच रेघ. भरलेला ट्रान्झिट मिक्सर वीस-पंचवीस टनांचा. शूट, म्हणजे काँक्रीट सोडायची पन्हळ, पोचत नाही म्हणून ड्रायव्हर चाक काठाशी आणतो. चाकाआड लाकडी ठोकळा आधीच टाकून ठेवा आणि जादा शूट मागवा. काँक्रीट दीड मीटरपेक्षा उंचावरून सोडायचं नाही, हे मुलांना पाठ असेल.

शेजाऱ्याची भिंत विसरू नका. पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर कंपाउंडची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. झोपेतले पंधरा जीव गेले. भिंतीलगत खोदायचं असेल तर तिचा पाया कुठवर आहे ते आधी उकरून बघा, एकदम सगळी लांबी उघडू नका, आणि पावसाळ्यात मजुरांची वस्ती भिंतीच्या पायथ्याशी नको.

बाकीचं भराभर सांगतो. खड्ड्यातलं पाणी उपसायला डिझेल पंप आत उतरवू नका. त्याचा धूर खड्ड्यात साठतो. पंप वर, पाइप आत. कॉलमच्या उभ्या सळयांच्या टोकांवर टोप्या घाला, नाहीतर पाइपचे तुकडे. व्हायब्रेटरची वायर पाण्यात पडते, तेव्हा लाइनवर ट्रिप होणारा स्विच हवाच. चप्पल घालून काँक्रीटमध्ये उभं राहायचं नाही. सिमेंट कातडी जाळतं, आणि जळतंय हे संध्याकाळी पाय धुताना कळतं. गमबुटात काँक्रीट शिरलं तर तो त्याच मिनिटाला काढून पाय धुवा. शिडी खड्ड्यात पहिल्यापासून हवी. बाजूंना आधार दिलेल्या आडव्या बल्लीवर पाय देऊन चढू नका.

मघाशी एका मुकादमांनी विचारलं, माती लांब टाकायला जेसीबीचा तास-दीड तास जास्त जाणार, तो कुणाच्या खिशातून? बरोबर प्रश्न आहे. मी अंदाजपत्रकात खोदाईखाली एक वेगळी ओळ लिहायचो, ‘माती रेघेबाहेर टाकणे व परत भरणे’. मालक कागद हातात घेतला की पहिलं बोट त्याच ओळीवर ठेवायचे. मग मी त्यांना साइटवर नेऊन खड्ड्यात उकिडवं बसायला सांगायचो. दोघं बसले. बाकीच्यांनी वरूनच सही केली.