पाद्रीबाबांचा अर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे मसणवटा असतो वेशीबाहेर, ओढ्याकाठी. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावात मात्र उलटा प्रकार होता. चढावर चर्च, चर्चला लागून दफनभूमी आणि तिच्या खाली उतारावर वस्ती. पावसाचं पाणी थडग्यांमधून मुरत खाली यायचं.

इंग्रजी कादंबरीकार ब्राँटे भगिनींचं गाव हे. त्यांचे वडील पॅट्रिक ब्राँटे 1820 पासून इथले पाद्री. घराची खिडकी उघडली की समोर थडगी! सप्टेंबर 1848 ते मे 1849 एवढ्यात त्यांची तीन मुलं गेली. ती क्षयाने गेली, त्याचं खापर पाण्यावर फोडता येणार नाही. पण 1849 मध्येच गावाच्या पाण्याची आणि आरोग्याची पाहणी करा, असा गावाचा अर्ज लंडनच्या आरोग्य मंडळाकडे गेला, त्यामागे हे सत्तरी गाठलेले पाद्रीबाबा होते.

1850 मध्ये पाहणीला आले बेंजामिन बॅबेज, गणकयंत्रवाल्या चार्ल्स बॅबेजांचे चिरंजीव. गावात गटार नाही, संडास अवघे 69. सरासरी आयुर्मान 25.8 वर्षं. शंभरातली जवळपास 42 माणसं सहा वर्षांची होण्याआधीच जात. आणि चर्चच्या त्या आवारात दहा वर्षांत 1,344 दफनं!

बॅबेजांची नजर थडग्यांवरच्या शिळांवर गेली. हॉवर्थची रीत अशी, की थडग्यावर अख्खी फरशी आडवी घालायची. शेजारी शेजारी फरश्या, जणू घराचं अंगणच. मग ना माती मोकळी, ना तिथे गवत रुजणार, की झाडाची मुळं खाली जाणार. देह मातीला मिळणार कसा? त्यांनी बजावलं, हे आवार ताबडतोब बंद करा.

'ताबडतोब' म्हणजे किती, हे आपल्याला सांगायला नको. कर वाढेल म्हणून ऐपतदार मंडळीच आडवी आली. अखेर जुन्या आवारातली दफनं थांबली, 1864 मध्ये तिथे झाडं लावली. मुळांनी मातीचं काम करावं म्हणून! आज त्याच झाडांवर कावळ्यांच्या जातीतल्या पाखरांची घरटी आहेत.

पुढे नवी दफनभूमी झाली ती गावाबाहेर, माळरानाच्या अंगाला. तिथे लिली कोव्ह नावाची तरुणी आहे. बलूनमधून हवाई छत्रीने उतरण्याचे खेळ करायची. जून 1906 मध्ये हॉवर्थच्या जत्रेत आली, आकाशात गेली आणि छत्रीपासून सुटून खाली कोसळली. गावची नव्हे, नात्याची नव्हे. तरी गावाने तिला आपल्यात जागा दिली.