मुरगावहून खाली, बर्फाकडे

(दृश्य : मुरगाव बंदर, गोदीतल्या क्रेन, सुटणारं एक जहाज)

६ डिसेंबर १९८१. याच बंदरातून ‘पोलर सर्कल’ सुटलं. जहाज नॉर्वेचं, भाड्यानं घेतलेलं. त्यावर २१ भारतीय आणि प्रमुख डॉ. सय्यद झहूर कासिम. कुठे निघालो याची वाच्यता करायची नव्हती. ९ जानेवारी १९८२ ला भारताची ही पहिली मोहीम अंटार्क्टिकावर उतरली आणि मगच बातमी फुटली.

कोकणाला समुद्राचं काय कौतुक? घरटी कुणीतरी बोटीवर असतोच. पण आपला दर्या पावसाळ्यात खवळतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन निवतो. ४० अंश दक्षिणेच्या खाली नारळ चालत नाही. तिथे वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. तो बारा महिने पृथ्वीभोवती गरगरतो आणि लाटा वाढवत नेतो.

(दृश्य : डोलणारं जहाज, आतला अरुंद जिना)

त्यात बर्फासाठी बांधलेल्या जहाजाचं बूड गोलसर. बर्फात ते सोयीचं, उघड्या समुद्रात मात्र जहाज लोळण घेतं. पुढच्या एका मोहिमेला गेलेले मालवणकडचे एक निवृत्त नौसैनिक हे हातवारे करून दाखवतात. टेबलावरची चादर ओली करायची, म्हणजे ताट घसरत नाही. निजताना लाइफ जॅकेट गादीच्या कडेखाली खुपसायचं आणि स्वतःला भिंतीशी चेपून घ्यायचं. वाऱ्याबद्दल विचारलं तर एवढंच म्हणाले, “थंयसर वारो नाय रे, कोयतो तो.”

हिमनग लांबूनच दिसतो, रडारवरही उमटतो. भीती त्याच्या तुकड्यांची. पाण्याच्या जेमतेम वर आलेला, घराएवढा तुकडा लाटांच्या गर्दीत रडारला सापडत नाही. म्हणून ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीत, एक माणूस डोळ्यांत तेल घालून उभा. जानेवारीत तिथे सूर्य मावळत नाही, तेव्हा निदान उजेडाची साथ असते. झोपेचं खोबरं होतं ते वेगळं.

(दृश्य : बर्फाच्या कड्याला लागलेलं जहाज)

धक्का नाही, बंदर नाही. जहाज बर्फाच्या कड्यालाच बांधायचं आणि क्रेननं सामान थेट बर्फावर उतरवायचं. तिसऱ्या मोहिमेनं, १९८३-८४ च्या उन्हाळ्यात, असंच सामान उतरवून ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिलं भारतीय केंद्र उभं केलं. बर्फाच्या थरावर बांधलेलं ते केंद्र पुढे बर्फातच गाडलं गेलं. ‘मैत्री’ हे पुढचं केंद्र बांधताना खडक निवडला, शिर्माखर ओएसिस या बर्फ नसलेल्या पट्ट्यातला.

दक्षिण गंगोत्रीवर १९८४ मध्ये टपाल कार्यालयही निघालं, गोवा टपाल विभागाच्या अखत्यारीत. आता ते कौतुकाचं वाटतं, पण टपालाला वाट एकच होती : मोहिमेचं जहाज. आमच्या नौसैनिक काकांनी तिथून बायकोला मोठं पत्र धाडलं. काका आणि टपालाची थैली एकाच जहाजानं परतले. पोस्टमन पत्र घेऊन दारात आला तेव्हा काका ओटीवर बसून पेज जेवत होते; पत्र त्यांनीच सही करून घेतलं.